एकच कंपनी, तीन गावं

राधानगरी तालुक्यातल्या सड्यांच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळ पठारांच्या, पोटात बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज आहे, हे मला शाळेच्या पुस्तकातून कळलं नाही, रस्त्यावरून कळलं. उन्हाळ्यात आमच्या फाट्यावरच्या आंब्याची पानं तांबडी असायची. वरून माल भरून आलेले ट्रक वळणावर गिअर बदलायचे, ताडपत्री फडफडायची आणि मागे बारीक लाल भुगा तरंगत राहायचा. पहिल्या वळवाने पानं धुतली की झाड ओळखू यायचं. या मातीचं काय होतं, असं विचारलं की वडील म्हणायचे, “भांडी होतात.” घरात जर्मलची पातेली होती, एका दिवाळीला घेतलेली हिंडालियमची कढई होती. ती चकचकीत कढई या तांबड्या मातीतून निघाली असेल, हे काही आम्हा पोरांना पटायचं नाही.

आज 14 वर्षं मी नॉर्वेत, बर्गन शहरात राहतो. विजेचा इंजिनिअर आहे, जलविद्युत केंद्रांच्या देखभालीचं काम करतो. आईने बांधून दिलेली ती कढई इथे कपाटात आहे. इंडक्शनच्या शेगडीवर ॲल्युमिनियम तापत नाही, त्यामुळे वापरता येत नाही आणि टाकवतही नाही. ॲल्युमिनियमने माझी पाठ मात्र सोडली नाही. या देशातली विजेची सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं म्हणजे ॲल्युमिनियमचे कारखाने, आणि त्यातली बहुतेक एकाच कंपनीची, नॉर्स्क हायड्रोची. खाणीतल्या मातीपासून तयार धातूपर्यंत सगळं स्वतः करणारी ही कंपनी 1905 सालची. तिचे एक-तृतीयांशाहून थोडे जास्त समभाग नॉर्वे सरकारकडे आहेत.

हे सगळं आत्ता लिहायला कारण घरचं आहे. आमच्या भावकीच्या ग्रुपवर दोन चुलतभावांचं जुंपलंय. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा, म्हणजे जिथे खाणींवर बंदी येईल त्या भागाचा, मसुदा केंद्राने 31 जुलै 2024 ला सहाव्यांदा काढला. गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, म्हणजे इतकी वर्षं नुसते मसुदेच. त्यातून काही गावं वगळा, असं राज्य सरकारचं म्हणणं. वगळायच्या गावांत बॉक्साइटचीच गावं आहेत, असा पर्यावरणवाल्यांचा आक्षेप. त्यात ओडिशातल्या सिजिमाली डोंगराच्या बातम्या. तिथला बॉक्साइटचा पट्टा 2023 मध्ये वेदांत या खाणकंपनीला मिळाला, आदिवासी गावं विरोधात उभी राहिली, माणसं आत गेली, आणि ग्रामसभांचे ठराव बनावट आहेत, अशी तक्रार गावांनी केली.

थोरला भाऊ म्हणतो, “नॉर्वेत बघा. कारखाना फ्योर्डच्या काठावर आणि पाणी पिण्यासारखं. आपल्याकडे मात्र काही आलं की आधी विरोध. पोरांनी पुण्याला जाऊन डिलिव्हरी करायची का?” धाकटा म्हणतो, “त्याच नॉर्वेच्या सरकारी फंडाने 2007 मध्ये वेदांतमधून पैसे काढून घेतले. परक्यांना कळतं, तुम्हाला कळत नाही.” आणि दोघेही साक्षीला मला ओढतात.

दोघांचंही खरं आहे. पण नॉर्वे म्हणून जे दोघे दाखवताहेत ते फोटोच्या चौकटीत मावतं तेवढंच. मी चौकटीबाहेरचं थोडं सांगतो.

बर्गनहून चार तासांवर, सोग्नेफ्योर्ड या समुद्राच्या लांब, चिंचोळ्या खाडीच्या अगदी आतल्या टोकाला ओर्डाल नावाचं गाव आहे. जाताना लार्डालचा 24.5 किलोमीटरचा बोगदा लागतो. बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, तळाला दरी, आणि त्या दरीत घरं, शाळा, फुटबॉलचं मैदान आणि ॲल्युमिनियमचा कारखाना, सगळं हाताच्या अंतरावर. थोरल्याने ग्रुपवर टाकलेला फोटो याच गावाचा होता. हा कारखाना बांधायला घेतला तो जर्मनांनी, दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे त्यांच्या ताब्यात असताना, विमानांसाठी धातू हवा म्हणून. युद्ध संपल्यावर अर्धवट राहिलेलं बांधकाम नॉर्वे सरकारने घेतलं, 1947 मध्ये सरकारी कंपनी काढली. ती 1986 मध्ये हायड्रोत मिसळली.

अशाच एका कारखान्याच्या पॉटरूममध्ये, म्हणजे भट्ट्यांच्या दालनात, मी कामासाठी गेलो होतो. आत जाण्याआधी घड्याळ, बँकेची कार्डं, किल्ल्या बाहेर ठेवायला लावतात. आत शेकडो भट्ट्या ओळीने, आणि एकीतून दुसरीत वाहणारा लाखो ॲम्पिअरचा प्रवाह. साधारण 960 अंशांना वितळलेल्या क्रायोलाइट नावाच्या क्षारात ॲल्युमिना, म्हणजे बॉक्साइटपासून केलेली भुकटी, विरघळवतात, विजेने त्यातला प्राणवायू सुटून कार्बनच्या ॲनोडला जाऊन मिळतो आणि धातू तळाशी साचतो. सोबतच्या कामगाराने खिशातून मूठभर पेपरक्लिपा काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. त्या प्रवाहाच्या चुंबकत्वाने एकेक करत उभ्या राहिल्या, साळिंदराच्या काट्यांसारख्या. हात हलवला की सगळ्या मिळून कलायच्या. आयुष्यभर विजेत काम करूनही वीज अशी हातावर उभी राहिलेली मी पहिल्यांदाच पाहिली. एक टन ॲल्युमिनियमला 13 ते 14 हजार युनिट वीज लागते. गावाकडचं एखादं घर महिन्याला 100 युनिट वापरत असेल, तर ही त्या घराची अकरा वर्षांची वीज झाली.

म्हणून ॲल्युमिनियमच्या धंद्यात माती जितकी महत्त्वाची, तितकंच पाणी. नॉर्वेत बॉक्साइटची खाण नाही. त्यांच्याकडे धबधबे आहेत. आणि त्या धबधब्यांचं त्यांनी काय केलं, हे आपल्याकडच्या कुठल्याच वादात येत नाही, याची मला खंत वाटते.

1905 मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला. देश गरीब, माणसं जहाज धरून अमेरिकेला चाललेली. परदेशी भांडवलदार येऊन शेतकऱ्यांकडून धबधबे विकत घ्यायला लागले. गरीब देशाने हात जोडून स्वागत करायचं, अशीच ती वेळ. पण तिथल्या संसदेने 1906 पासून एकामागून एक कायदे केले, 1917 मध्ये ते पक्के झाले. खाजगी कंपनीला धबधबा मिळेल, पण परवाना घेऊन आणि ठरावीक मुदतीसाठी, जास्तीत जास्त 60 वर्षं. मुदत संपली की धबधबा, धरण, यंत्रं, सगळं सरकारजमा, एक पैसा न घेता. याला ते ‘येमफाल’ म्हणतात, घरी परत येणं. शिवाय ज्या गावांचं पाणी अडवलं त्यांना त्या विजेचा 10 टक्क्यांपर्यंत वाटा जवळजवळ उत्पादनखर्चात द्यायचा. नगरपालिका ती वीज स्वतः वापरते किंवा बाजारात विकते. हा दानधर्म नव्हे, कायद्याचा हिस्सा आहे, आणि परवाना आहे तोवर दरसाल मिळतो. (त्याच दशकात आमच्याकडे शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं होतं. पाण्यावर रयतेचा हक्क, हा विचार आपल्याला परका नव्हता, एवढंच सुचवायचं आहे.)

हे कागदावर राहिलं नाही. रोल्डाल-सुल्डाल या हायड्रोच्या मोठ्या जलविद्युत केंद्रांची मुदत 2022 च्या अखेरीला संपत होती. शंभर वर्षांहून जुनी, सरकारचा मोठा वाटा असलेली कंपनी, तरी तिलाही सूट मिळाली नाही. केंद्रं हातची जाऊ नयेत म्हणून तिला आधीच सार्वजनिक मालकीच्या वीज कंपनीबरोबर भागी करावी लागली, आणि त्या भागीत ती लहान भागीदार झाली.

आणि ओर्डालची हवा? ती पहिल्यापासून स्वच्छ नव्हती. 1950 च्या दशकात कारखान्याच्या धुरातलं फ्लोराइड गवतावर बसलं, गुरांचे दात आणि हाडं खराब झाली, दरीतले पाइन वाळले. शेतकरी भरपाईसाठी भांडले. अखेर 1961 मध्ये सरकारला धुराच्या नुकसानीसाठी वेगळी परिषद नेमावी लागली. त्यानंतर भट्ट्या झाकल्या गेल्या, धूर गाळायची यंत्रं बसली. थोरल्या भावाच्या फोटोत हे भांडण दिसत नाही. तो ज्याला विरोध म्हणून हिणवतो, तो विरोध या निळ्या पाण्याखाली आहे.

आता दुसरं गाव. ओर्डालच्या भट्ट्यांत पडणारा ॲल्युमिना येतो कुठून? त्याचा मोठा वाटा येतो ब्राझीलमधून, ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या पारा राज्यातून. पारागोमिनासला खाण. तिथून बॉक्साइटचा लगदा करून 244 किलोमीटरच्या नळातून बार्कारेनाला, अलुनोर्ते नावाच्या कारखान्यात. चीन सोडला तर जगातला सगळ्यात मोठा ॲल्युमिना कारखाना. हायड्रोने तो 2011 मध्ये घेतला. साधारण चार टन बॉक्साइटमधून दोन टन ॲल्युमिना आणि त्यातून एक टन धातू निघतो. उरतो तो कॉस्टिकमिश्रित लाल गाळ, आणि तो तिथेच राहतो. ओर्डालला येते ती पांढरी, साखरेसारखी भुकटी.

2018 च्या फेब्रुवारीत बार्कारेनात मुसळधार पाऊस झाला. आसपासच्या वस्त्यांनी तांबडं पाणी पाहिलं. कंपनीने आधी काहीच बाहेर गेलं नसल्याचं सांगितलं. मग एक नळ सापडला, एक जुना कालवा सापडला, आणि मार्चमध्ये कंपनीच्या प्रमुखाने प्रक्रिया न केलेलं पाणी नदीत सोडल्याचं कबूल करून माफी मागितली. गाळाची तळी फुटली किंवा ओसंडली नाहीत, हे कंपनी शेवटपर्यंत म्हणत राहिली आणि तपासातही तसा पुरावा निघाला नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण ग्रुपवर धाकट्याने ‘धरण फुटलं’ असं लिहिलं होतं. पण तिथल्या सरकारने आणि न्यायालयाने उत्पादन निम्म्यावर आणायला लावलं आणि ते वर्षाहून जास्त काळ निम्म्यावरच राहिलं. 2021 मध्ये तिथल्या लोकांच्या एका संघटनेने भरपाईसाठी थेट नेदरलँड्सच्या कोर्टात दावा लावला. स्वतःच्या विहिरीच्या पाण्यासाठी माणसांना समुद्र ओलांडून रॉटरडॅमला जावं लागतं.

त्या मार्चमध्ये इथल्या बातम्या पाहताना माझ्या इथल्या सहकाऱ्यांना खरंच वाईट वाटत होतं. ॲमेझॉन वाचवायला सगळ्यात जास्त पैसे देणारा देश आपला, आणि आपल्याच सरकारचा वाटा असलेल्या कंपनीने हे करावं. मला मात्र मैकांच आठवत होतं, आणि ते नाव ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं.

मैकांच हे तिसरं गाव. ओडिशाच्या रायगडा जिल्ह्यात, काशीपूर तालुक्यात. जवळच्या बाफलीमाली डोंगरावर बॉक्साइट. 1990 च्या दशकात ‘उत्कल ॲल्युमिना’ नावाचा प्रकल्प आला, त्यात इंडाल होती, सुरुवातीला टाटा होते, आणि नॉर्स्क हायड्रोही होती. इंडाल म्हणजे बेळगावात 1969 पासून ॲल्युमिना करणारी, आमच्या कोल्हापूरच्या सड्यांवरचं बॉक्साइट नेणारी कंपनी. म्हणजे माझं गाव आणि मी आज राहतो तो देश, दोघांचीही नावं एका डोंगराच्या कागदावर एकत्र आली होती, आणि मी ते इथे आल्यावर वाचलं. गावांनी वर्षानुवर्षं विरोध केला. 16 डिसेंबर 2000 रोजी मैकांचमध्ये पोलिसांनी गोळीबार केला. तीन आदिवासी मेले. नॉर्वेत काही संघटनांनी आवाज उठवला आणि 2001 मध्ये हायड्रोने अंग काढून घेतलं.

धाकटा इथे टाळ्या वाजवेल. पण पुढे काय झालं ते पाहा. हायड्रो गेली, नंतर भागीतली कॅनडाची अल्कन गेली, प्रकल्प पूर्णपणे बिर्लांच्या हिंडाल्कोकडे आला, आणि आज तिथे खाण आणि कारखाना दोन्ही जोरात चालू आहेत. परक्याचे हात स्वच्छ झाले. गावाच्या हातात काय आलं? हायड्रोने निघताना जी पोकळी ठेवली, तिच्यात गावाचा कुठलाही हक्क लिहिलेला नव्हता. आपल्या पोटाला चटका बसला म्हणून पंगतीतून उठून जाणाऱ्याला मी दोष देत नाही, पण त्याने उपाशी राहिलेल्याचं पोट भरत नाही.

माणसं तीच, इंजिनिअर तेच, वार्षिक अहवालातली भाषा तीच. ओर्डालमध्ये ही कंपनी नगरपालिकेपुढे मान खाली घालून बसते. बार्कारेनात नळ सापडेपर्यंत नाही म्हणते. मैकांचमध्ये पोलीस तिच्यासाठी रस्ता मोकळा करतात. कंपनी चांगली की वाईट, हा आमच्या ग्रुपवरचा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. ती प्रत्येक ठिकाणी तितकीच चांगली होती, जितकं तिथल्या गावाने तिला भाग पाडलं. ओर्डालच्या मागे शंभर वर्षांचा कायदा होता, आणि तो मोडला तर ऐकणारं कोर्ट होतं.

नॉर्वेतही सगळ्यांच्या मागे हे उभं नव्हतं. फोसेनला पवनचक्क्या उभारल्या त्या सामी या मूळनिवासी लोकांच्या रेनडिअरच्या हिवाळी कुरणांवर. तिथल्या विजेचा मोठा वाटा घेण्याचा करार हायड्रोने 2016 मध्येच केला होता, भट्ट्यांसाठी. 11 ऑक्टोबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की या परवान्यांनी सामींच्या हक्काचा भंग झाला आहे. चक्क्या फिरतच राहिल्या. 500 दिवस झाल्यावर सामी मुलं मंत्रालयाच्या दारात जाऊन बसली, तेव्हा कुठे सरकारने माफी मागितली, आणि समझोते व्हायला डिसेंबर 2023 आणि मार्च 2024 उजाडलं. ज्या देशाची उदाहरणं आपण देतो, तिथेही कमी संख्येच्या, कुरणावर जगणाऱ्या माणसाचा नकार हिशेबात धरायला इतका वेळ लागला. ती मुलं पारंपरिक पोशाखात जमिनीवर बसलेली पाहिली तेव्हा मला ओडिशाच्या नियमगिरी डोंगरावरचे डोंगरिया कोंध आदिवासी आठवले. नियमगिरीच्या 12 ग्रामसभांनी 2013 मध्ये एकेक करून वेदांतच्या खाणीला नाही म्हटलं. तो नकार चालला, कारण त्याच वर्षी 18 एप्रिलला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारा, असं सांगितलं होतं. नॉर्वेचा फंड त्याआधी सहा वर्षं बाहेर पडला होता, पण डोंगर वाचला तो ग्रामसभेने. हे धाकट्याने लक्षात ठेवावं. आपल्याकडे जे आहे ते नॉर्वेकडे नाही.

युरोपात आता नवं वारं आहे. 1 जानेवारी 2026 पासून बाहेरून येणाऱ्या ॲल्युमिनियमवर कार्बनचं शुल्क लागू झालं. हायड्रो आपला धातू किलोमागे चार किलो कार्बनच्या आत म्हणून विकते. कोळशाच्या विजेवर केलेला आपला धातू त्याच्या कितीतरी पट. मोजणी हवीच. पण त्या मोजणीत बाफलीमालीच्या गावाला विचारलं होतं का, हा रकानाच नाही, आणि उद्या आपल्या कंपन्यांनी सौरऊर्जा लावून आकडा खाली आणला तर सिजिमालीचा प्रश्न सुटल्यासारखा दिसेल. तो सुटलेला नसेल.

मग मला घरच्यांना काय सांगायचं आहे? थोरल्याला हे, की रोजगार हवाच, मी स्वतः पोटासाठीच इतक्या लांब आलो. पण नोकरीच्या बदल्यात सडा देताना परत काय आणि कधी येणार हे आधी लिहून घे. सडा म्हणजे नुसता उजाड माळ नव्हे. पावसाळ्यात तो जांभा पाणी पितो आणि खालच्या वाड्यांचे झरे उन्हाळ्यापर्यंत चालवतो. वरचा थर काढला की झऱ्याची येमफाल होत नाही. काही सडे असे आहेत, की तिथे कितीही वाटा मिळाला तरी नाहीच म्हणावं, असं माझं ठाम मत आहे, आणि ते म्हणायचा अधिकार ग्रामसभेचा असावा, मसुद्यातून गावं गाळणाऱ्या कारकुनाचा नव्हे.

धाकट्याला हे, की नुसता नकार पुरत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला, आणि 2011 पासून आपला बांबू स्वतः विकला. कागद हातात आल्यावर गाव कसं उभं राहतं, हे पाहायला नॉर्वेला यायची गरज नाही. खाणींच्या गावांसाठीही 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. जुन्या पट्ट्यांच्या रॉयल्टीच्या 30 टक्के आणि लिलावातल्या पट्ट्यांच्या 10 टक्के इतकी रक्कम त्यात जमा करायची असते, आणि ती खाणीने बाधित गावांवर खर्च करायची असते. ओर्डालच्या विजेच्या वाट्याचा हा आपला धाकटा भाऊ म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच, की ओर्डालमध्ये वाटा नगरपालिकेच्या हातात पडतो आणि आपल्याकडे तो जिल्ह्याच्या बैठकीत वाटला जातो.

गेल्या रविवारी मी ओर्डाल नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातलं विजेच्या उत्पन्नाचं पान मराठीत करून ग्रुपवर टाकलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग थोरल्याने विचारलं, “आपल्या खनिज प्रतिष्ठानचा असा हिशेब कुठं बघायला मिळतो?” धाकट्याने लगेच लिहिलं, “सोमवारी कोल्हापूरला जातोय. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो. तू येतोस का?”